जळगावच्या उन्हाआधी सायकल पुन्हा रस्त्यावर काढताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ४८, राहणार जळगाव, बीपीची एक गोळी चालू. पूर्वी नियमित सायकल चालवायचे. गेली दोन वर्षं मात्र घरातल्या जागेवरच्या सायकलवर रोज पाऊण तास, पंख्याखाली. आता फेब्रुवारी लागलाय, थंडी ओसरतेय, तर गॅलरीत उभी असलेली जुनी गिअरची सायकल बाहेर काढायची आहे. गुढीपाडव्याला पद्मालयाला, म्हणजे एरंडोलजवळच्या गणपतीच्या देवस्थानाला, सायकलवर जाऊन यायचा मनसुबा आहे. सुरुवात किती किलोमीटरने करावी, सायकलचं काय काय बघावं आणि नवीच घ्यावी का, असं विचारलंय.

मी भुसावळला सायकली दुरुस्त करतो आणि रविवारी नव्याने सुरुवात करणाऱ्यांना सोबत घेऊन निघतो. त्या अनुभवावरून सांगतो.

भाऊ, किलोमीटर तूर्त बाजूला ठेवा. आपल्याकडे सायकलसाठी वसंत म्हणजे फार तर पाच-सहा आठवडे. फेब्रुवारीत पहाटे स्वेटर लागतं आणि होळी झाली की दहाच्या आत डांबर तापायला लागतं. पुढे जळगाव-भुसावळचा पारा ४५च्या वर जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणजे ज्या आठवड्यांत तुम्ही अंतर वाढवणार, नेमक्या त्याच आठवड्यांत ऊनही वाढणार. आज ज्या २५ किलोमीटरला काही वाटलं नाही, तेच महिन्याभराने उशिरा निघालात तर घाम काढतील. म्हणून ठरवायचं ते एवढंच, की किती वाजता घरी परत यायचं. फेब्रुवारीत साडेनऊ, मार्चच्या मध्यापासून साडेआठ, अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया जवळ आली की आठच्या आत. त्या वेळात जेवढं अंतर होईल तेवढं झालं.

निघायचं मात्र अंधारात नाही. जळगावला फेब्रुवारीच्या मध्यात सूर्य सातच्या थोडा आधी उगवतो, मार्चअखेर साधारण सव्वासहा-साडेसहाला आणि मेच्या मध्यात पावणेसहाच्या सुमारास. उगवतीच्या वीसेक मिनिटं आधी रस्ता दिसण्याइतका उजेड असतो, तेव्हा निघा. ऊन चुकवायला म्हणून चारला उठून निघणारे उत्साही लोक मला माहीत आहेत. त्यांना उन्हाची भीती वाटते आणि मागचा दिवा नसलेल्या ट्रॉलीची वाटत नाही, हे मला कधीच कळलेलं नाही.

उन्हाची सवय शरीराला लागते, पण त्याला साधारण १० ते १४ दिवस लागतात, आणि तेही रोज थोडा वेळ उबेत घाम गाळला तर. मग घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातला पाण्याचा अंश वाढतो आणि त्याच कष्टाला हृदयाचे ठोके कमी पडतात. दोन-तीन आठवडे खंड पडला की ही सवय बरीचशी उतरते. तुमची पंख्याखालची पाऊण तास मेहनत या कामाला फारशी उपयोगी नाही. त्यामुळे रविवारी एकदम तीन तास मारण्यापेक्षा आठवड्यातून चार दिवस पाऊण-पाऊण तास बाहेर काढलेला बरा.

घरातल्या सायकलने तुमचे पाय आणि दम टिकवलेत, ते मोठं काम झालंय. पण तिथे हँडल वळत नाही, ब्रेक लावावा लागत नाही, मागे बघावं लागत नाही. दोन वर्षांनी रस्त्यावर आलेला माणूस पायांमुळे पडत नाही. मागून हॉर्न वाजला म्हणून तो मान वळवतो, मानेबरोबर खांदा वळतो, खांद्याबरोबर हँडल, आणि सायकल दोन फूट उजवीकडे जाते. हे मी दर वर्षी बघतो आणि चांगले दणकट गडी यात सापडतात.

म्हणून पहिला आठवडा रस्त्यावर जाऊच नका. एखादं मोकळं मैदान धरा किंवा रविवारी सकाळी लवकर, फिरायला येणाऱ्यांची गर्दी व्हायच्या आत मेहरूण तलावाचा रस्ता. जमिनीवर एखादी सरळ रेघ बघा आणि तिच्यावरून जाताना उजव्या खांद्यावरून मागे पाहा, रेघ न सोडता. सुरुवातीला जमणार नाही. उजवा हात हँडलवर हलका ठेवला, कोपर किंचित वाकवलं आणि हनुवटी खांद्याकडे नेली, तर जमतं. मग एक हात सोडून उजवीकडे वळण्याचा इशारा. मग चालत्या सायकलवर बाटली काढून परत जागेवर ठेवणं, तेही खाली न बघता.

आणि ब्रेक. आपल्याकडे लहानपणी सगळ्यांना शिकवलेलं असतं की पुढचा ब्रेक दाबू नको, उलटा पडशील. उलटं आहे. ब्रेक लागताना वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे सायकल थांबवायचं बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. नुसता मागचा दाबला की चाक घसरत जातं आणि थांबायला जवळपास दुप्पट जागा लागते. दोन्ही एकत्र, हळूहळू जोर वाढवत दाबायचे, त्याच वेळी बूड सीटवर मागे सरकवायचं आणि हात ताठ धरायचे. मैदानात २० च्या वेगाने येऊन पाच-दहा वेळा करून बघा. मोकळी वाळू, सांडलेलं धान्य किंवा ओलं शेण असेल तिथे मात्र पुढचा ब्रेक अगदी हलका.

आता सायकल. दोन वर्षं गॅलरीत उन्हात उभी होती म्हणजे सगळ्यात आधी रबर मेलंय असं समजा. टायरच्या बाजूला बारीक भेगा दिसतात का बघा. नखाने दाबल्यावर त्या उघडत असतील तर टायर बदला. ट्यूब तर बदलाच, त्यात विचार करू नका. आतल्या बाजूला रिमवरची पट्टी सरकली असेल तर आऱ्यांची टोकं ट्यूबला टोचतात आणि तुम्ही काटा शोधत बसता. जुन्या धाटणीचा व्हॉल्व्ह असेल तर आतली वालट्यूब सुकून चिकटलेली असते. ती काही रुपयांची गोष्ट असते, दोन जास्तीच्या खिशात ठेवा. हवा किती भरायची ते टायरच्याच बाजूवर छापलेलं असतं. तिथल्या किमान आणि कमाल आकड्यांच्या मधोमध भरा, तुमचं वजन जास्त असेल तर थोडी वर. अंगठ्याने दाबून पाहण्याऐवजी दाब दाखवणारा काटा असलेला पंप घ्या.

उन्हाळ्यात हवा कमी भरा नाहीतर टायर फुटतो, असं लोक सांगतात. हिशोब करून बघा. ६० पीएसआय भरलेली हवा २५ अंशांवरून ४५ अंशांवर गेली तर दाब सुमारे ५ पीएसआयने वाढतो. धड टायर त्याने फुटत नाही. फुटतं ते भेगा पडलेलं रबर, किंवा कमी हवेवर खड्ड्यात आपटून रिम आणि दगडात चिमटलेली ट्यूब. उन्हात कमी हवेवर चालवणं जास्त धोक्याचं.

ब्रेकचे रबर काचेसारखे गुळगुळीत झाले असतील तर कानस किंवा पॉलिश पेपर फिरवा. त्यांच्यावरच्या खाचा पुसल्या गेल्या असतील तर नवे बसवा. दांडी पूर्ण दाबल्यावर हँडलला टेकता कामा नये. दोरी म्हणजे केबल गंजली असेल तर ती बदलणं स्वस्त पडतं. चेनला रॉकेल किंवा डिझेलने धुवून, पूर्ण कोरडी पुसून, सांध्यासांध्यावर एक-एक थेंब तेल, मग वरचं तेल पुन्हा पुसून टाका. आपल्या धुळीत चेनवर थापलेलं ग्रीस म्हणजे सान पेपरच. शेवटी चाकाचे नट किंवा पटकन उघडायची दांडी, हँडल आणि सीट, सगळं एकदा आवळून, सायकल चार इंच उचलून खाली सोडा. काही खडखडलं तर दुकानात न्या.

सीटची उंची: टाच पेडलवर ठेवून पेडल खाली नेलं की पाय सरळ व्हायला हवा, मग चवडा ठेवला की गुडघ्याला आपोआप थोडा वाक येतो. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखला तर वर. घरातल्या सायकलची सीट पसरट असते, त्यामुळे इथे पहिले आठ-दहा दिवस बूड दुखणारच. जेलचं कव्हर विकत घेऊ नका, दुखणं मावळतं. हातांना मुंग्या येत राहिल्या तर मात्र हँडल फार खाली आहे किंवा सीट पुढे झुकली आहे.

हेल्मेट भुवयांच्या दोन बोटं वर यायला हवं. पट्टा लावल्यावर तोंड पूर्ण उघडलं की तो ताणला जावा. जुनं एकदा आपटलेलं असेल तर टाकून द्या, वरून चांगलं दिसत असलं तरी. आतला फोम एकदाच दबतो. हेल्मेटखाली पातळ रुमाल चालेल, पण त्याचं टोक लोंबू देऊ नका. घरातल्या बाईमाणसांना सोबत नेणार असाल तर ओढणी-स्टोल घरी ठेवायला सांगा. मागच्या चाकात गेलेली ओढणी फार वाईट प्रकारे थांबवते.

रस्त्याबद्दल मात्र जरा जास्त बोलायचंय, कारण वर्षातल्या या दिवसांत आपले रस्ते एरवीसारखे नसतात. फेब्रुवारीत पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, उपटून बांधावर, साइडपट्टीवर टाकलेली असते. ट्रॉलीतून नेताना तिची टोकं दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेली असतात. ओलांडून जाणाऱ्या ट्रॅक्टरचा अंदाज चाकांवरून घेऊ नका, भाऱ्यावरून घ्या. चोपडा आणि शहाद्याकडे ऊस संपेपर्यंत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात आणि मागची ट्रॉली वळताना आतल्या बाजूला येते. अशा गाडीच्या डाव्या बाजूने पुढे जायचा मोह होतो, अजिबात नाही. रावेर-सावद्याच्या पट्ट्यात केळीच्या गाड्या, गिरणाकाठाला पहाटेचे वाळूचे डंपर. या सगळ्यांना घाई असते आणि त्यांच्या लेखी सायकल म्हणजे रस्त्याकडेचं झुडूप.

मार्चमध्ये गहू, दादर (रब्बी ज्वारी), हरभरा निघतो. मका पुढे अर्ध्या रस्त्यावर वाळत पडतो. मक्याच्या दाण्यांवरून जायची वेळ आलीच तर आधी वेग कमी करा, हँडल सरळ ठेवा, दाण्यांवर असताना ना ब्रेक ना वळण. रस्त्यावर धान्य घालणाऱ्यावर चिडून उपयोग नाही, त्याला खळं उरलेलं नाही. साइडपट्टीवर या दिवसांत सराट्याचे वाळलेले काटे आणि छाटलेल्या बाभळीच्या फांद्या असतात. म्हणून डांबराच्या अगदी कडेला घासून चालवू नका. कडेपासून हात-दीड हात आत, एका रेषेत. मागच्याला तुम्ही दिसता आणि खड्डा आला तर तुम्हाला सरकायला जागा राहते. कडेला चिकटणाऱ्याला गाड्या जागा न सोडता घासून जातात.

आणखी एक गोष्ट फारसं कोणी बोलत नाही. तापीचं खोरं पूर्व-पश्चिम आहे, त्यामुळे आपले बरेच रस्तेही तसेच. मार्चच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो, म्हणजे पूर्वेकडे जाणाऱ्या रस्त्याच्या थेट टोकावर. तुम्ही सकाळी सातला पूर्वेकडे निघालात तर तुमच्या मागून येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांत ऊन आहे आणि त्याला तुम्ही दिसत नाही. मागे लाल लुकलुकता दिवा उजेडातही चालू ठेवा, अंगात भडक पिवळं किंवा केशरी घाला. पण खरा उपाय म्हणजे रस्ताच दक्षिणोत्तर निवडणं. जळगावहून ममुराबादवरून विदगावच्या तापी पुलापर्यंतचा रस्ता उत्तरेला जातो, त्यासाठी तो मला आवडतो, फक्त पुलावर थांबून फोटो काढू नका. धुळ्याच्या लोकांना नकाण्याच्या तलावाकडची सकाळ सोयीची.

वाऱ्याचा नियम असा, की जाताना समोरून घ्यावा, येताना पाठीवर. आपला वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो आणि दिवस चढला की वाढतो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. पण ऊन आणि वारा यांच्यात निवडायची वेळ आली तर पहाटे वारा पडलेला असतो, म्हणून उन्हाचा विचार आधी करा.

महामार्ग टाळा. सुरत-नागपूर चौपदरी झाल्यापासून तिथला सर्व्हिस रोड सायकलला बरा वाटतो, पण त्यावर उलट्या दिशेने येणाऱ्या मोटारसायकली असतात. होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्याच्या पायथ्याला भोंगऱ्याचे, म्हणजे आदिवासींचे होळीआधीचे, बाजार भरतात. बघायला जरूर जा, सायकलवर नको. गाड्या टपापर्यंत भरलेल्या असतात.

कुत्री. वेग वाढवून पळालात की ती मागे लागतात. वेग कमी करा, जोरात ओरडा, तरी अंगावर आलंच तर उतरून सायकल मध्ये धरा आणि चालत पुढे सरका. चावलंच तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लस घ्या. हळद, चुना, तिखट काही लावू नका.

बीपीच्या गोळीचं. निघायच्या आधी डॉक्टरांना भेटा आणि सरळ विचारा, 'मी उन्हात तासभर सायकल मारणार आहे, ही गोळी चालेल का, ईसीजी किंवा स्ट्रेस टेस्ट हवी का?' पट्टीवरचं नाव अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल असं असेल तर ही औषधं ठोके वाढू देत नाहीत. मग मनगटावरच्या घड्याळातल्या ठोक्यांवर जोर मोजू नका. पूर्ण वाक्य बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा दम लागला की पुरे. हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोर्थालिडोन असेल तर ती शरीरातलं पाणी आणि मीठ बाहेर काढतात. आपल्या उन्हात त्याला महत्त्व आहे. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काहीही झालं तर 'घर जवळच आहे' म्हणून पाय मारत राहू नका. बसा आणि १०८ ला फोन करा.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, घोट-घोट. तासाभराच्या आतल्या फेरीला साधं पाणी पुरतं. दीड तासाच्या पुढे गेलात तर एका बाटलीत ओआरएस, पुडीवर लिहिलेल्या मापानेच पाणी घालून. तुम्हाला बीपी आहे, म्हणून मिठाचं प्रमाण डॉक्टरांना विचारून. नुसतं साधं पाणी लिटरच्या लिटर रिचवलं तर रक्तातलं मीठ पातळ होऊन तेही अंगाशी येतं. निघताना एक केळं खा, आपल्याकडे त्याला तोटा नाही. आदल्या रात्री शेवभाजी तिखट हाणून पहाटे सायकलवर बसलात तर काय होतं ते मी लिहीत नाही.

उन्हात अंगावर काटा आला, डोकं ठणकायला लागलं, मळमळलं तर लगेच सावलीत जा, शर्ट काढा, डोक्यावर-मानेवर-काखेत पाणी ओता, वारा घाला. माणूस असंबद्ध बोलायला लागला तर तो उष्माघात समजा. घाम येतोय की नाही ते बघत बसू नका, घाम असतानाही तो होतो. गाडी येईपर्यंत अंग भिजवत राहायचं, आणि शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. शेतातली चालू विहीर किंवा ठिबकची टाकी कुठे आहे, हे रस्त्याने जाताना बघून ठेवायची सवय लावा.

पहिला आठवडा मैदानात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात चार दिवस पाऊण ते एक तास, ओळखीच्या गावरस्त्याने. पुढे त्यातला एक दिवस दीड तासाचा, मग दोन तासांचा करा. एका आठवड्यात एकूण वेळ फार वाढवू नका. दम महिन्यात येतो. गुडघ्याच्या स्नायुबंधांना त्याहून जास्त वेळ लागतो आणि ते उशिरा तक्रार करतात. मध्येच गारपिटीचा एखादा दिवस येईल, मार्चमध्ये आपल्याकडे ते नवं नाही. विजा असतील तर झाडाखाली नाही, पक्क्या घरात.

आता पद्मालय. महामार्गाने एरंडोलवरून नको, शिरसोली-म्हसावदच्या बाजूने जा, एकेरी साधारण ३० किलोमीटर. तुमचा सुरुवातीचा वेग धरला तर येऊन-जाऊन चार तास, दर्शनाचा अर्धा तास. सव्वासहाला निघालात तरी घरी यायला पावणेअकरा, आणि त्यातला सगळ्यात तापलेला तास तुम्ही सगळ्यात थकलेले असताना येणार. पाच-सहा आठवड्यांच्या तयारीवर, गोळी चालू असताना, मी तुम्हाला याला हो म्हणणार नाही. पाडव्याला एकेरी जा. घरच्यांना गाडीने मागून येऊ द्या, देवदर्शन सगळ्यांचं होईल, सायकल गाडीच्या मागे बांधून परत या. दोन्हीकडचं करायची हौस असेल तर ती पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या आसपास भागवा. तेव्हा रस्ता हिरवा असतो आणि अकरा वाजता उन्हाची फिकीर नसते.

नवी सायकल आत्ता घेऊ नका. टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर, केबल आणि चेन एवढं बदललं की तुमची जुनी सायकल हा मोसम आरामात काढेल. एप्रिल संपेपर्यंत तुम्ही आठवड्यातून तीन दिवस निघत असाल तर मग या, तुमचं माप घेऊन फ्रेम ठरवू. वाचलेल्या पैशातून आत्ता चांगलं हेल्मेट, मागचा दिवा आणि काट्याचा पंप घ्या.